रूम टोन

सरांनी आठ मिनिटं दिली होती.
आमच्याकडे अकरा तासांचं फुटेज,
त्यात चार तास नुसती मशीनची गुणगुण:
राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर,
अय्याज मुल्लाणीच्या खुर्चीत
कुणीतरी दात आवळून बसलेलं.

अय्याज म्हणाला, लिहून घे,
आईचं नाव पहिल्या पगाराला,
वाघ जिम लावल्यावर,
पोरीचं नाव कधीही.
भरती निघाली की तीच पोरं परत येतात,
"भावा, पुसून दे की."
पुसणं महाग, आणि दुखतंही जास्त.
हे त्यानं कॅमेऱ्याकडे न बघता सांगितलं
म्हणून ठेवलं.

बाकी बरंच कापलं.
"मेल्यावर एवढंच संगं येतंय"
हे पाच जणींनी सांगितलं, एकाच चालीत,
जणू आम्हीच पढवून आणलेल्या.
उत्कर्षा म्हणाली, खरं असेल म्हणून सारखं असेल.
मी म्हटलं, टाइमलाइनवर जागा नाही.
दोन दिवस आम्ही बोललो नाही.

मग कपिलतीर्थ मार्केट.
आक्काताई चौगुले. मेथी, शेपू, पोकळा.
"त्वांड दाखवायचं न्हाई. हात घे."
हात घेतला.
मनगटाच्या वर तुळस, कडेनं फिसकटलेली,
चार ठिपके, आणि खाली नाव.
नवऱ्याचं, शंकर,
पेंडी बांधता बांधता सांगितलं.
लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात, जोतिबावर.
गोंदणाऱ्या बाईला अक्षर येत नव्हतं,
दिरानं एस्टीच्या तिकिटामागं लिहून दिलं 'संकर',
शेजारणीची रांगोळी बघून काढावी
तसं तिनं बघून बघून टोचलं.
"रगात कुठलं, गुलाल कुठला, काय कळंना."

रात्री हॉस्टेलवर
रणधीरनं क्लोज-अप दुप्पट मोठा केला
आणि माउसवरचा हात काढला.
र चा ट झाला होता.
संकट.

आधी आम्ही हसलो, लोळून.
मग उत्कर्षानं लॅपटॉप अर्धा मिटला.
चाळीस वर्षं हा हात लोकांसमोर सुटे पैसे मोजतोय
आणि आपण तो सेमिनार हॉलच्या भिंतीवर
सहा फूट लांब करणार.
सांगायचं?
ब्लर करू, रणधीर म्हणाला.
मग दाखवायचं काय, बोटं?

सकाळी मी सुरुवात केली,
"आक्का, ते हातावरचं नाव..."
तिनं शेपूवर पाणी मारलं.
"मला वाचाय येतंय की.
रात्रशाळंत गेलो आठ म्हैनं.
पयला शबुद हातावरचाच वाचला.
म्हटलं, बाईला अक्षर येत न्हवतं
पर माणूस वळखाय येत हुता."

हसली. बराच वेळ.
शेजारचा लिंबूवाला पण, काय झालं ते न कळता.
मग पोतं झटकत म्हणाली,
"ग्येला त्यो आता. ऱ्हाऊ दे तसंच.
हात माझा हाय."

कॅमेरा बॅगेत होता.
परत एकदा सांगा, रणधीर म्हणाला,
तिनं त्याच्याकडं असं बघितलं
की त्यानं एक किलो मेथी घेतली.

निघताना फक्त आवाज घ्यायचा राहिला होता.
उत्कर्षानं हेडफोन चढवले,
"एक मिनिट कुणी बोलू नका."
बाजारानं ऐकलं नाही.
वीसला दोन, वीसला दोन,
रिव्हर्स घेणारा टेम्पो,
कुणाचातरी फोन, कुणाचीतरी आई.
एकट्या आक्काताईनं ऐकलं.
तराजू उचललेला तसाच धरून उभी राहिली,
समोर गिऱ्हाईक नोट पुढं करून.
पारडं हललं, हललं,
मग हलायचं थांबलं.

ते मिनिट आम्ही अख्ख्या फिल्मखाली अंथरलंय,
अय्याजच्या मशीनखाली, भरतीच्या पोरांखाली,
जिथं कुणीच बोलत नाही तिथंसुद्धा.
चाळिसाव्या सेकंदाला एक बांगडी वाजते.
सर म्हणाले, तेवढी काढा.
काढली नाही.